गौरीच्या ताटातलं मीठ

नैवेद्य दाखवायच्या आधी काही जिभेला लावायचं नाही, हा तळवड्यातल्या आमच्या घराचा कायदा. वाससुद्धा घ्यायचा नाही. तरी माझ्या कटाच्या आमटीत मीठ नेमकं पडतं, आणि माझ्या सासूबाईंच्या, यशोदाआत्यांच्या, डोळ्यांत तेच खुपतं. ही गुपचूप चाखत असणार, असं त्या सगळ्या भावकीत सांगत फिरल्या. लातूरकडची पोर, चाकणला कंपनीत कामाला, हिला कसलं आलंय सोवळं! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा गौरीजेवणाला सुट्टी टाकून सगळा स्वयंपाक मी एकटीनं केला. आत्या दाराशी पाट टाकून माझ्या हातांवर टपून बसल्या होत्या. देवीला उष्टं गेलं तर पुढच्या वर्षीपासून गौरी थोरल्या जावेच्या, मिनलच्या घरी बसतील, असं सकाळीच बजावलं होतं त्यांनी.

मी तुळशीचं पान तोडायला बाहेर गेले आणि खिडकीतून पाहिलं. आत्यांनी मूठभर मीठ आमटीत टाकलं, पळीनं हलवलं आणि परत पाटावर जाऊन बसल्या. आमटी सारखी करावी, तर आत्या म्हणणार, चाखल्याशिवाय कळलं कसं? तशीच ठेवावी, तर पाहुण्यांत माझी शोभा. इकडं आड, तिकडं विहीर. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

गप ताट वाढलं, पाणी फिरवलं. बाई, तूच बघ गं, म्हटलं देवीला मनात. एकदा नैवेद्य दाखवला की चाखायला कुणाच्या बापाची बंदी नाही. मग पातेल्यात उरलेला कट, गरम पाणी, चिंच-गूळ घालून आमटी जागेवर आणली. भावकी मिटक्या मारत जेवली.

देवीपुढचं ताट मात्र आमच्याकडं घरातली थोरली बाई खाते. ते मी आत्यांपुढं ठेवलं. पहिल्याच भुरक्याला त्यांचा चेहरा उतरला. चुलत सासू गिरजाबाईंनी नेमकं तेव्हाच विचारलं, मीठ कसं पडलंय म्हणून.

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. "बेताचं हाय," म्हणाल्या आणि वाटी पुन्हा तोंडाला लावली.

तेव्हा मला त्यांचं बीपी आठवलं आणि माझा सगळा माज उतरला. मी हात पुढं केला. त्यांनी वाटी घट्ट धरली.

"देवीचं टाकू न्हाई."

"टाकत नाही. मी खाते."

वाटी ओढून घेतली आणि उभ्याउभ्या पिऊन टाकली. डोळ्यांतून पाणी आलं. आत्यांनी आपला तांब्या माझ्यापुढं सरकवला. गौरी इथंच बसतील म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग माझ्या कानाशी वाकल्या.

"खरं सांग, मला टाकताना बगितलंस, का आमटी चाखलीस?"