दाराआडचं ताट

तिन्ही ताटल्या गुरम्मांनी एका ओळीत मांडल्या आणि तिथंच सगळं बिनसलं.

पहिल्या ताटलीवर वजीर कुत्रा आला, दुसरीवर म्हातारी दुर्गी मांजर. मग गुरम्मांनी पदराआडून तिसरीपाशी पाहुणीला हळूच खाली सोडलं. गिरणीमागच्या नालीत सापडलेली, एक कान फाटलेली, बरगड्या दिसणारी भटकी मांजरी. पुढं नेमकं काय झालं ते कुणालाच धड सांगता आलं नाही. दुर्गी फुगून दुप्पट झाली, वजीर भुंकत दोघींच्या मधे घुसला आणि भटकी पळाली ती थेट गिरणीत, दळायला आलेल्या केवळाबाईंच्या पिठाच्या डब्यात. बाहेर निघाली तेव्हा पांढरीफटक झाली होती.

"अगं माय! माझं ज्वारीचं पीठ!" केवळाबाई ओरडल्या. "गुरम्मा, सर्कस काढून राहिलीस का गं?"

गुरुपादप्पांनी गिरणी बंद केली आणि बायकोकडं पाहिलं. "पंगत मांडली व्हय मांजरांची?"

मांडलीच होती. या घरात कामावरचा माणूस असो की पाहुणा, सगळे एका ओळीत जेवत. एकदा शेजारी बसून जेवलं की परकेपण सरतं, एवढंच गुरम्मांच्या मनात होतं.

रात्री जेवताना मुलगा राजशेखर म्हणाला, "शनिवारी नांदेडला टेम्पो घेऊन जायचाय. पोत्यात घालून नेतो. तिकडं बाजारात सोडून देतो, जगंल कुठंबी."

"राहू द्या तिला," गुरम्मा म्हणाल्या.

"घरात एक मांजर हाय की," गुरुपादप्पा म्हणाले.

"ती गिरणीची. ही माझी म्हणून राहू द्या."

गुरुपादप्पांचा घास हातातच राहिला. कर्नाटकातल्या भालकीकडून ही बाई या घरात येऊन चाळीस वर्षं होत आली. साडी आणली ती नेसली, भाजी आणली ती केली. माझं म्हणून काही मागितल्याचं त्यांना आठवेना.

"शनिवारपर्यंत बघ," शेवटी ते म्हणाले. "तवर भांडणं मिटली तर राहील. न्हाई तर टेम्पोत."

भटकीला धान्याच्या खोलीत कोंडलं. गुरम्मा दाराशी बसून "बा, बा, हेदरबेडा" करत राहिल्या. म्हणजे ये, भिऊ नकोस. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या कन्नडला सगळं घर हसलं होतं. तेव्हापासून ती भाषा त्यांनी माहेरी जाण्यापुरती ठेवली होती.

"कन्नड बोलल्यानं मांजर शहाणं होतंय का?" गुरुपादप्पा जाता जाता म्हणाले.

सून दिपाली तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अत्याबाई, एक विचारू? तुमी नव्या नवरी होतात तवा पहिल्याच दिवशी सगळ्यांपुढं बसून जेवलात का?"

"छे गं! घासच उतरंना. एवढी सगळी तोंडं माझ्याकडंच बघून राहिलेली."

आणि बोलता बोलता त्यांना तो दिवस आठवला.

तेव्हा त्यांची सासू शांतम्मा उठल्या होत्या. सुनेचं ताट त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवलं, स्वतःचं दाराच्या अलीकडं घेतलं आणि तिथंच बसून जेवल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला कन्नड. मध्ये दार आणि दोन्हीकडं भाकरी मोडल्याचा आवाज, एवढंच. रात्री सासूनं आपली वापरलेली गोधडी तिच्या अंगावर टाकली. त्या गोधडीला चुलीचा आणि विभूतीचा वास होता. काही दिवसांनी तोच वास गुरम्मांच्या लुगड्याला येऊ लागला. पंगतीत जाऊन बसल्या त्या त्यानंतर.

गुरम्मा उठल्या. भटकीची दूधभाकरी दाराच्या आत ठेवली, दुर्गीची बाहेर. दुर्गी गुरगुरली, पण भूक तिलाही होतीच. मग गुरम्मांनी दुर्गीचं झोपायचं पोतं भटकीच्या खाली सारलं, भटकीचं वजीरच्या कोपऱ्यात आणि वजीरचं दुर्गीला. तिघांनीही तोंडं वाकडी केली. दुर्गी तर फरशीवर झोपली. पण दुसऱ्या दिवशी ती त्या पोत्यावर दिसली, पाठ फिरवून का होईना.

शुक्रवारी दाराची कडी नीट लागली नव्हती. वजीर आत घुसला आणि नाकावर ओरखडा घेऊन केकाटत बाहेर आला.

"झालं?" गुरुपादप्पा म्हणाले.

गुरम्मांनी वजीरच्या नाकाला हळद लावली. मग त्यांनी पोती पुन्हा बदलली.

शनिवारी राजशेखर पोतं घेऊनच अंगणात उभा राहिला. गुरम्मांनी धान्याच्या खोलीचं दार सताड उघडलं. या वेळी ओळ नव्हती. वजीरची ताटली गिरणीच्या पायरीशी, दुर्गीची तुळशीपाशी, भटकीची उंबऱ्यावर.

भटकी बाहेर आली. वजीरनं मान वर केली, वास घेतला, एकदा शिंकला आणि परत भाकरीत तोंड घातलं. दुर्गी मात्र आपलं संपवून सरळ उंबऱ्याकडं निघाली. दिपालीनं सासूचा दंड धरला.

दुर्गीनं भटकीची पाठ हुंगली. मान हुंगली. तिथं तिला बहुतेक आपल्याच पोत्याचा वास आला असावा. मग ती खाली बसली आणि भटकीच्या ताटलीत जीभ घालून चटचट दूध प्यायली. भटकी जरा सरकली. एवढंच. जागा दिली आणि पुन्हा प्यायला लागली.

"आयला," राजशेखर म्हणाला, "एका ताटलीत!"

गिरणीतून बघत असलेल्या केवळाबाई हसल्या. "गुरम्मा, जिंकलीस गं!"

राजशेखर पोत्याची घडी घालत फाटकाकडं वळला. "निघतो मी."

"पोतं ठिवून जा," गुरम्मा म्हणाल्या. आवाज चांगला मोठा होता. "तिला अंथरायला लागंल."

दुपारी गिरणी सुरू झाली. त्या धडधडीनं भटकी बिथरून जात्याखाली शिरली आणि फिरत्या पट्ट्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. गिऱ्हाइकं रांगेत होती. तरी गुरुपादप्पांनी खटका खाली ओढला. धडधड विरत गेली. गुडघ्यांवर हात टेकत ते खाली बसले, इकडंतिकडं पाहिलं, आणि पिठानं माखलेला हात पुढं करून म्हणाले,

"बा... बा. हेदरबेडा."

उच्चार चुकीचा होता. आतल्या दारात गुरम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. ते लाजतील म्हणून त्या दाराआड सरकल्या.