चार किलोमीटरवरचे पाय

मी घंगाळ बोलतोय. तांब्याचं, पोचे पडलेलं, एक कान तुटलेलं. जरा दमानं घेतो हं, घाई करू नका. दुसऱ्यांचा थकवा धुण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याकडून चपळाई मागू नये.

तांबटानं मला घडवलं ते हिवाळ्यात डुक्कर कापलं की सॉसेजचं सारण कालवायला. कास्तीयाच्या पठारावरच्या एका बाईनं मला विकत घेतलं. एरवी ती माझ्यात आपली दोन पोरं न्हाऊ घालायची. थोरली ओब्दुलिया आणि धाकटा फ्रोइलान. फ्रोइलानच्या डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांना जुळलेली होती. साबण लावला की तो पाय असा काही झाडायचा की अर्धं पाणी जमिनीवर.

सांतियागोच्या तीर्थाला चालत जायची यात्रेकरूंची वाट आमच्या दारावरून जाते. दमलेली माणसं पायरीवर बसायची. एकदा त्या आईनं एकाला आत घेतलं, त्याचे पाय धुवायला मला पुढे केलं, आणि तेव्हापासून हे काम माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. पुढे आठ खाटा आल्या, ताटं वाढली. आईचा नियम एकच होता. सांतियागोला चालत निघालेल्याला दारातून परत पाठवायचं नाही.

आईमागे ओब्दुलियानं सगळं सांभाळलं आणि स्वतःचा एक नियम दारावर चिकटवला. मुक्काम एक रात्र, सकाळी आठला बाहेर. पाय खरंच जायबंदी असतील तरच दुसरी रात्र, आणि ते ती ठरवणार. एका धिप्पाड जर्मनानं लंगडून दाखवलं होतं. तिनं त्याचा पाय उलटासुलटा करून पाहिला नि म्हणाली, "या पायांवर तुम्ही लग्नात नाचाल. आठला निघा."

खरं सांगू? मला पायांचा कंटाळा आलाय. रोज संध्याकाळी तेच फोड, तीच काळी पडलेली नखं, तेच मिठाचं कोमट पाणी. बसनं आलेले पाय मला लगेच कळतात. ते पाण्यात आले की बोटं आखडून घेतात.

पण तुम्हाला सांगायचंय ते फ्रोइलानचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो बिलबाओला कारखान्यात होता. ओब्दुलियानं तीनदा फोन केला. तीनदा तो म्हणाला, "येत्या रविवारी येतो." आला तो एकदम मातीला. दफन करून परतताना ओब्दुलियानं उंबऱ्यात हात आडवा धरला. "आता कोणाला भेटायला आलास? या दारात पुन्हा दिसू नकोस."

त्याला अकरा वर्षं झाली. मध्ये तो निवृत्त होऊन शेजारच्या गावात, चार किलोमीटरवर येऊन राहिला. दोनदा येऊन दार वाजवून गेला. तिनं उघडलं नाही. त्याची नाताळची पत्रं न फोडता परत जायची. त्या दिवशी मात्र ती मला उगाच राखेनं घासत बसायची.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी शेजारीण विसितासिओन सुपासाठी लसूण सोलत दारात बसली होती. तिनं आत हाक मारली, "ओब्दुलिया, बाहेर ये गं. यात्रेकरू आलाय. तू बघच."

दारात फ्रोइलान उभा होता. पाठीवर पिशवी, हातात काठी, उन्हानं नाक सोलवटलेलं.

"यात्रेची पुस्तिका," ओब्दुलिया परक्या माणसाला म्हणावं तशी म्हणाली. "शिक्के दाखवा."

त्यानं पुस्तिका पुढे केली. जिथून ही वाट सुरू होते त्या रोन्सेस्वायेसच्या डोंगरापासून प्रत्येक मुक्कामाचा शिक्का होता. विसितासिओन वाकून बघत म्हणाली, "चार किलोमीटरवर राहतो आणि यायला अठरा दिवस लावले मेल्यानं."

"जवळून आलो तेव्हा दार उघडलं नाही," फ्रोइलान म्हणाला. "म्हटलं, लांबून यावं. आईचा नियम आहे ना अजून, ताई?"

ओब्दुलिया बराच वेळ शिक्केच बघत राहिली. मग म्हणाली, "बूट बाहेर काढा. बसा."

पाणी तापलं, मीठ पडलं आणि ते पाय माझ्यात आले. जुळलेली दोन बोटं मी लगेच ओळखली. साठ वर्षांनी परत आली होती. यावेळी त्यांनी पाणी उडवलं नाही. पाय तसे ठणठणीत होते. फोड येऊन सुकलेले, टाचा कडक झालेल्या, जखम एकही नाही. मला वाईट वाटलं. असे पाय सकाळी आठला निघतात, आणि याचं या घरातलं येणं तेवढ्यावरच संपणार होतं.

ती खाली मान घालून पाय चोळत होती. "शेवटी आई रोज विचारायची," ती म्हणाली. "आज रविवार आहे का म्हणून."

तो रडला. "मला भीती वाटली, ताई. तिला तसं बघायची."

"मलाही वाटायची. पण मी इथेच होते."

पाणी निवत आलं तेव्हा विसितासिओननं विचारलं, "मग हे उद्या आठला निघणार?"

ओब्दुलियानं त्याचा डावा पाय पंच्यावर घेतला आणि उजेडाकडे वळवला. "या पायांनी? केवढे सुजलेत बघ. उद्याचा दिवस राहील तो."

सूजबीज काही नव्हती. इतक्या वर्षांत पायांच्या बाबतीत तिची नजर चुकलेली मी पाहिली नव्हती.

याला आता आठ महिने झाले. ते पाय अजून बरे झालेले नाहीत. त्याच पायांनी तो लाकडं आणतो, छपरावर चढतो. माझ्या बुडाला भोक पडलं तेव्हा मला मोडीत न घालता त्यानं डाग देऊन आणलं. सांतियागो राहिलंच त्याचं. रोज सकाळी आठला ती विचारते, "पाय कसे आहेत?" तो म्हणतो, "दुखतायत जरा." मग ती म्हणते, "राहा मग."

मी थकलोय. हा डागही फार दिवस टिकायचा नाही. तुम्ही कधी या वाटेनं आलात तर चालत या, मी आहे तोवर तुमचे पाय धुऊन देईन. फक्त एवढं करा. ओब्दुलियानं तुम्हाला फ्रोइलानचे पाय दाखवले, तर सुजलेत म्हणा.