राखीव यष्टिरक्षक

रईसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो मी चष्मा पुसून तीनदा पाहिले. काड्यापेटीहून जरा मोठं, पुठ्ठ्यावर छापलेलं चित्र. पांढरी टोपी, हातांत मोजे, खाली नाव: आर. जी. सातोसकर, राखीव यष्टिरक्षक. दुसऱ्या फोटोत मागची बाजू होती. तिथे पेन्सिलीने 'बा' लिहिलेलं, काना उजवीकडे कलंडलेला. माझा भाऊ बाळकृष्ण असाच काना काढायचा.

ही चित्रं पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पाकिटातून निघायची. साल १९५४. राजापुरात आमच्या आळीतली मुलं गाजलेल्या खेळाडूंसाठी मारामाऱ्या करत. दादा मात्र ज्यांना कुणी विचारत नसे तेच मागून घ्यायचा. बारावा गडी, एका सामन्यानंतर घरी बसलेला गोलंदाज. "या बापड्यांना कोण ठेवणार?" म्हणायचा. तो गेल्यावर त्याचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला आणि साठ वर्षं मी त्यात भर घालत राहिले, कधी रद्दीवाल्याकडून, कधी जुन्या बाजारातून. मस्कतला मुलाकडे, अल् घुब्राला राहायला आले तेव्हा डबा मांडीवर ठेवून विमानात बसले होते.

प्रशांत चिडवतो, "आई, यातला एक तरी माणूस त्याच्या बायकोला ठाऊक होता का?" पण इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर, राजापूरची माझी आई जुनी क्रिकेटची चित्रं विकत घेते, असं त्यानेच टाकलं होतं. त्यावर मस्कतमधल्याच रुवीहून रईसाचं उत्तर आलं. सासऱ्यांकडे एकच आहे, ते विकणार नाहीत, पण तुम्ही यावं असं म्हणतात. सासऱ्यांचं नाव उस्मान. गाव राजापूर.

मला काय ते कळलं. प्रशांतला मी काही सांगितलं नाही.

सातोसकरचं चित्र दादाच्या डब्यातून मीच काढलं होतं. उस्मान दादाचा जिवलग मित्र, त्याची आई बांगड्या विकायची. त्या चित्राच्या बदल्यात उस्मानने मला दोन लाल बांगड्या दिल्या. दादाने चित्र त्याच्या हातात पाहिलं आणि त्याला चोर म्हटलं. "पमीने दिलं," उस्मान म्हणाला. दादाने मला विचारलं. मी आठ वर्षांची होते. म्हटलं, "मी नाही दिलं."

दादाने करंगळी पुढे करून उस्मानशी कट्टी घेतली. बांगड्या मी विहिरीत टाकल्या. तीन आठवड्यांनी दादा विषमज्वराने गेला. तो तापात असताना उस्मान दोनदा ते चित्र परत घेऊन आला होता, मी खिडकीतून पाहिलं. वडिलांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं. बट्टी राहून गेली.

शुक्रवारी दुपारी प्रशांतने मला रुवीत त्यांच्या इमारतीखाली सोडलं आणि तो भाजी घ्यायला गेला. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं. समोरच खुर्चीत उस्मान, नमाजाची टोपी अजून डोक्यावर.

"ये गो पमे. म्हातारी झालीस."

"तू काय लग्नाचा राहिलायस?"

"दोनदा झालं. आता खलास."

रईसा हसली आणि चहा घेऊन आली. कप तीन होते. एक मला, एक त्याला, तिसरा तिने दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. चित्र उस्मानच्या गुडघ्यावर होतं.

"हे न्यायला आलीस?"

"हो."

"देतो. आधी त्याला सांग."

"कुणाला?"

उस्मानने दाराकडे हनुवटी केली. रईसा हळूच म्हणाली, "दर जुम्म्याला नमाजानंतर अब्बा दार उघडं ठेवतात, मावशी. आम्ही काही बोलत नाही."

"येतो, तिथं उभा राहतो," उस्मान म्हणाला. "बोलत नाही. चौदा वर्षांचाच आहे अजून, आणि मी पंच्याहत्तरचा. मला लाज वाटते गो, एवढ्याशा मुलाशी कट्टी. किती वेळा सांगितलं, पमीने दिलं. त्याला तुझ्या तोंडून हवंय." मग म्हणाला, "तुझ्याकडे नाही येत?"

"नाही."

ते मला फार लागलं. साठ वर्षं मी त्याचा डबा सांभाळला आणि तो माझ्या स्वप्नातसुद्धा आला नव्हता.

मी दाराकडे पाहिलं. बाहेर शेजाऱ्यांच्या चपला, भिंतीला टेकवलेली मुलाची सायकल, पलीकडे लिफ्ट. कुणी नव्हतं. तरी उभी राहिले. पदर सारखा केला.

"दादा, मीच दिलं होतं. बांगड्यांसाठी. उस्मान खरं बोलत होता."

 उस्मानने पुढे पसरलेले पाय आखडून खुर्चीखाली घेतले, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

नंतर त्याने चित्र माझ्यापुढे धरलं. माझा हात पुढे होईना.

"राहू दे," मी म्हटलं. "तुझंच आहे. मी दिलं होतं."

पुढच्या शुक्रवारी अडीच वाजता रईसाचा फोन आला. "मावशी, अब्बा आज तासभर बोलत होते. हसत होते. स्टुलाकडे तोंड करून. आत्ता झोपलेत."

"काय बोलत होते?"

"शाळेचं. नदीत पोहायला जायचे ते. कुणा मास्तरांची नक्कल केली."

"माझ्याबद्दल काही निघालं का गं?"

 "मीच विचारलं अब्बांना. म्हणाले, तुमचं नाव काढलं की तो गप्प होतो."

प्रशांत जेवायला बसत होता. मी त्याला म्हटलं, पुढच्या शुक्रवारी मला रुवीला सोड.

"पुन्हा? विकायला तयार झाले का ते?"

"नाही. पण या वेळी सकाळीच सोड."

नमाज व्हायच्या आधीच मी त्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे. दादाला बोलायचं नसेल तर न बोलो. पण आत जायचं तर त्याला मला ओलांडूनच जावं लागेल.