आईचं कापड

“श्वास घेऊ नकोस,” बोनिफास म्हणाला.

“का? आज मेलेल्या बायकांचं संचलन आहे?”

बोनिफास तेमगुआ तोंडात टाचण्या धरून बायकोच्या मागे गुडघ्यांवर बसला होता आणि तिच्या काब्याची, म्हणजे पायघोळ झग्याची, शेवटची शिवण तिच्या अंगावरच घालत होता. मैदानावरच्या कर्ण्याचा आवाज घरापर्यंत येत होता. मार्चची आठ तारीख, बायकांचा दिवस. ह्या दिवशी आमच्या चांग गावात झाडून साऱ्या बायका एकाच छापाच्या कापडात बाहेर पडतात. मासळीवाली असो की डॉक्टरीणबाई, छाप तोच. ह्या वर्षी जांभळ्यावर पिवळी फुलं होती, आणि त्यातले निम्मे काबे आमच्या बोनिफासच्या मशीनखालून गेले होते. गल्लीतल्या सगळ्यांचे वेळेवर झाले. राहिला तो घरचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

क्लोतिल्डने मात्र भांडण काढलं नाही. आज तिला भांडायचंच नव्हतं. मागच्या दोन्ही आठ मार्चना ती घरी बसली होती. एकदा पोर तान्हं म्हणून, एकदा ते अंगावरून सुटलं नव्हतं म्हणून. ह्या वर्षी बाजारातल्या टोमॅटोवाल्यांच्या गटाची पाटी तिच्या हातात दिली होती, अगदी पहिल्या ओळीत.

“तेमगुआ, ऐक,” ती म्हणाली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ती नवऱ्याला आडनावाने हाक मारते. “बाबांना दुपारी काय खायला घालशील?”

“तारोचे कंद, पिवळ्या रश्शात. कोमट करून.”

“आणि गर्दीत?”

“हात सोडायचा नाही.”

“एकच दिवस मागतेय. वर्षाचे बाकीचे दिवस पोरं माझ्याकडे आहेतच.”

“अगं जा! पोरं काय, मी बसल्या जागी सांभाळीन.”

बाबा म्हणजे त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा. क्लोतिल्डच्या वारलेल्या वडिलांचं नाव त्याला ठेवलं होतं, त्यामुळे आमच्या रीतीने तो तिचा बापच झाला. घरात त्याला मानाने बोलावं लागतं. ‘बाबा, नाक पुसा.’ ‘बाबा, कोंबडीला चावू नका.’ थोरली मिराबेल सात वर्षांची. बाबांना मान द्यायचं तिच्या फार जिवावर येई.

मैदानाच्या वाटेवर मा ओदिलिया भेटली. सुकी मासळी विकते, साठी उलटली आहे, पण चाल अजून ताठ. आमच्याकडे बाई आई झाली की तिचं नाव मागे पडतं, मिराबेलची आई, अमक्याची आई असं होतं. ओदिलिया मात्र ओदिलियाच राहिली. तिच्या खांद्यावर त्याच छापाचा एक न शिवलेला तुकडा घडी करून टाकलेला होता. लेकुरवाळ्या बायका पोर पाठीशी बांधायला ठेवतात तसा.

दर वर्षी काबा शिवायला टाकताना ती हेच सांगे, “कडेचं कापड तसंच ठेव. कात्री लावू नकोस.” आणि दर वर्षी बोनिफास तिला चिडवी, “मा, एवढं कापड बांधणार कुणाला? मासळीला?” त्यावर ती म्हणे, “पडून राहील. तुझं काय खातंय?” म्हाताऱ्या माणसांचे छंद, असं म्हणून तो सोडून देई.

मैदानावर जांभळ्या-पिवळ्याचा नुसता पूर आला होता. मांडवात सरकारी साहेब पांढऱ्या गणवेशात घामाघूम होऊन बसले होते. पाटी धरलेली क्लोतिल्ड रांगेत जाऊन उभी राहिली. तिथून तिने आंब्याच्या झाडाकडे बोट केलं. तिथेच थांबा, तिथून मी दिसेन. बोनिफासने मान डोलावली. एका हातात बाबा, दुसऱ्या हातात मिराबेल. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं.

तेवढ्यात शाळेतल्या बाई धावत आल्या. हात वर केला आणि काखेत टरकन उसवलं. “बोनिफास, तुझीच शिवण!” त्या किंचाळल्या. आता शिंप्याची अब्रू म्हणजे त्याची शिवण. कॉलरला सुई-दोरा नेहमीच टोचलेला असतो. तो त्याने काढला आणि कामाला लागला. दोन्ही हात गुंतले. मिराबेल बर्फाच्या गोळेवाल्याकडे बघत होती. बाबा त्याची विजार ओढून “मम्मा, मम्मा” करत होते.

“ती बघा मम्मा,” बोनिफास मान न वळवता म्हणाला. “जा, आईचं कापड धरून उभे राहा.”

बाजारात हेच शिकवलेलं असतं ना पोरांना! गर्दीत आईचं कापड धरायचं आणि सोडायचं नाही. बाबा शहाणे. ते निघाले आणि त्यांनी कापड धरलं. पण ते कापड त्या दिवशी अख्ख्या गावाच्या अंगावर होतं, आणि अडीच वर्षांच्या माणसाला गुडघ्याच्या वर काही दिसत नाही.

दोऱ्याला गाठ मारून बोनिफासने वर बघितलं. क्लोतिल्ड होती तिथेच होती. बाबा नव्हते.

“मिराबेल, बाबा कुठे आहेत?”

“तुम्हीच पाठवलंत की.”

तो रांगेच्या कडेने धावत सुटला. जांभळं, पिवळं, जांभळं, पिवळं. महिनाभर जे कापड त्याने मायेने कापलं, ते आता त्याच्या डोळ्यांना खायला उठलं. “बाबा! अहो बाबा!” तो ओरडत होता. केळीवाल्या एका बाईने त्याला थांबवलं.

“कुणाला शोधतोस रे?”

“बाबांना.”

“अगंबाई. वय किती झालं त्यांचं?”

“अडीच.”

बाईने त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. “सकाळी सकाळीच घेतलीस? आज तर प्यायचा दिवस आमचा आहे!”

हसायला वेळ नव्हता. तो परत क्लोतिल्डच्या रांगेशी आला आणि नेमकं तिने त्याला बघितलं. पाटी दोन्ही हातांनी धरली होती, म्हणून तिने नुसत्या भुवया उंचावून विचारलं, पोरं? तिचा चेहरा असा उजळलेला त्याने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. आता सांगितलं तर ती पाटी टाकून धावणार. नाही सांगितलं आणि काही बरंवाईट झालं, तर ह्या जन्मात तिला तोंड दाखवता येणार नाही. बोनिफासने अंगठा वर केला आणि हसला. आयुष्यात इतकं वाईट तो कधी हसला नसेल.

मग तो तळ्याकडे धावला. मैदानाच्या उताराखाली आमचं तळं आहे आणि त्याला कठडा नाही. मिराबेल मागून रडत पळत होती. काठावर एक माणूस मोटरसायकल धूत होता.

“एक लहान पोर आलं का इकडे?”

“नाही बुवा.”

“नीट आठवा.”

“अहो, मी सकाळपासून इथेच आहे. पोर काय, बेडूकही आलेला नाही.”

पाणी शांत होतं. बोनिफास तरी वाकून वाकून बघत राहिला. देवाला त्याने काय काय कबूल केलं, ते त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. वरती शिट्टी झाली, ढोल सुरू झाले. संचलन निघालं होतं.

तो परत वर आला तेव्हा टोमॅटोवाल्या मांडवापुढून निघून गेल्या होत्या. गर्दीमुळे काही दिसेना. त्याने मिराबेलला खांद्यावर बसवलं.

“बघ. नीट बघ. लहान मूल कुठे दिसतंय का?”

“सगळ्या सारख्याच दिसतात, पपा.”

“बायका नको बघूस. खाली बघ, पायांशी.”

मिराबेल बघत राहिली. आणि एकदम तिने बापाचे केस गच्च धरले. “पपा, खाली नाहीत! वर आहेत! बाबा वर आहेत!”

मासळीवाल्यांचा गट येत होता. मधल्या ओळीत मा ओदिलिया, ताठ मान, हात पुढे-मागे. तिच्या छातीवर त्या न शिवलेल्या तुकड्याची गाठ होती आणि पाठीवर, कापडाच्या झोळीत, बाबा. गाल तिच्या पाठीला टेकवून ते डुलत होते. मांडवापुढे आल्यावर साऱ्या बायकांनी हात हलवले, तेव्हा बाबांनीही एक हात काढून साहेबांना हलवला. साहेबांनी उलट सलाम केला म्हणतात.

खांद्यावरच्या पोरीसकट बोनिफास खाली बसला आणि भर गर्दीत रडला. कुणी काही म्हटलं नाही. आठ मार्चला रडणारे नवरे आमच्याकडे पुष्कळ दिसतात.

संचलन मोडल्यावर त्याने मा ओदिलियाला शाळेच्या कुंपणाशी गाठलं. तोवर बाबा तिच्या पाठीवर झोपले होते.

“मा, जीव गेला होता माझा!” मोठ्या बाईवर तो पहिल्यांदाच ओरडला. “पार तळं शोधून आलो मी!”

“ओरड,” ती म्हणाली. “तुझं बरोबर आहे.”

“कुणाचा आहे ते माहीत नव्हतं तुम्हाला?”

“माहीत होतं. गुडघ्याशी काहीतरी ओढतंय असं वाटलं, बघते तर हा. मम्मा म्हणाला. मी म्हटलं, नाही रे राजा, मी नाही. तर सोडीचना. तेवढ्यात शिट्टी झाली. पायाखाली आला असता, म्हणून उचलला आणि बांधला.” तिने पाठीवरचं पोर जरा वर सावरलं. “खोटं कशाला बोलू? बाजूला होऊन तुला हाक मारता आली असती. नाही मारली.”

बोनिफासच्या तोंडात अजून पुष्कळ शब्द होते. पण त्याची नजर त्या गाठीवर गेली. दर वर्षी हे कापड त्याने बाजूला ठेवलं होतं, दर वर्षी थट्टा केली होती. ते सगळे शब्द त्याने गिळून टाकले. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“मा,” तो म्हणाला, “पुढच्या वर्षीही न्या त्याला.”

“पुढच्या वर्षी तो रांगेत स्वतःच चालेल की रे.”

तिने गाठ सोडली आणि पोर त्याच्या खांद्यावर अलगद उतरवलं. तिची पाठ ओली झाली होती, कापडही ओलं. बाबांनी झोपेत आपलं काम उरकलं होतं.

“अरे देवा. द्या ते कापड, क्लोतिल्ड धुऊन देईल.”

“हात लावू नकोस,” मा ओदिलिया एकदम म्हणाली. “माझं मी धुते.”

क्लोतिल्ड संध्याकाळी घरी आली. आवाज बसलेला, चपला हातात, स्वारी खुशीत. बाबा अंगणात कोंबडीमागे धावत होते, मिराबेल ओठ घट्ट मिटून बसली होती. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

“बघितलंस मला? पाटी जरासुद्धा वाकडी होऊ दिली नाही,” क्लोतिल्ड म्हणाली. मग तिला आठवलं. “पण तू आंब्याखाली नव्हतास.”

“होतो की. जरा मागे होतो.”

“मम्मा, बाबा हरवले होते!” मिराबेलच्या पोटात तेवढाही वेळ राहिलं नाही. “आणि पपा तळ्यात बघत होते आणि रडत होते आणि मला बर्फाचा गोळा नाही मिळाला!”

क्लोतिल्ड खाली बसली. बाबांना ओढून घेऊन तिने त्यांचे हात, पाय, डोकं, सगळं चाचपून बघितलं. बोनिफासने घडलं ते सांगितलं, स्वतःची एकही चूक न गाळता.

“तेमगुआ, मला अंगठा कुणी दाखवला?”

“मीच.”

“का?”

“दोन वर्षं थांबली होतीस.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मारेल की रडेल, त्याला अंदाज येईना. “म्हणजे मी एकदा काय ती पहिल्या ओळीत चालले,” ती म्हणाली, “आणि घरातल्या एकानेही बघितलं नाही.”

“नाही.”

“बस तिथे. तिघंही बसा.”

तिने चपला पायात घातल्या, कोपऱ्यातला खराटा पाटीसारखा दोन्ही हातांत उभा धरला, आणि अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ मानेने चालत गेली. मिराबेलने ताटलीचा ढोल केला. बाबांनी साहेबांसारखा सलाम ठोकला. मधेच क्लोतिल्डच्या पाठीवरची शिवण उसवली, आणि ती इतकी हसली की खराटा टाकून तिला भिंतीला टेकावं लागलं. बोनिफासही हसला. सकाळपासून छातीवर बसलेला दगड त्या हसण्याबरोबर खाली उतरला. त्या रात्री त्यांनी थंड झालेला तारो तसाच खाल्ला, आणि तो सगळ्यांना गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोनिफास दुकान उघडायला निघाला. मा ओदिलियाचं घर रस्त्यावरच आहे. तिचे कपडे नेहमी परसात वाळतात. आज मात्र दाराच्या चौकटीपासून पेरूच्या झाडापर्यंत, अगदी रस्त्याच्या तोंडावर, तिने दोरी बांधली होती. दोरीवर दुसरं काही नव्हतं. फक्त तो जांभळा-पिवळा न शिवलेला तुकडा, स्वच्छ धुतलेला, अजून पाणी गळत असलेला.

डोक्यावर पाण्याचा डबा घेतलेली शेजारची सून थांबली. “मा, घरात तान्हं आलंय की काय?”

“आलं होतं,” मा ओदिलिया म्हणाली, आणि कापडाची दुमडलेली कड ओढून तिने सरळ केली.