उस्तादांचा पडदा

आमच्या उडोनच्या, म्हणजे सारातल्या जाड शेवयांच्या, दुकानाच्या दारावर निळा पडदा आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कोमोरिया’. नाव आमचं नाही, उस्ताद हिरोकावांचं. माझा नवरा तेइजि मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्याकडे कणीक तुडवायला राहिला आणि केस पिकायला लागले तेव्हा कुठे उस्तादांनी हा पडदा त्याच्या हातात दिला. ओसाकात शिष्याला असंच मार्गी लावतात.

पूर्वी तेवढ्यावर भागायचं. पण उस्तादांच्या जावयाने नाव सरकारदरबारी नोंदवलं आणि वकिलाकडून करार करून घेतला. नाव वापरायचा हक्क आमचा, चव मूळ दुकानासारखी ठेवायची जबाबदारीही आमची. चव बदलली तर पडदा परत. दरवर्षी पानं लाल झाली की उस्ताद स्वतः येऊन सार चाखणार.

यंदा मला त्याचीच धास्ती होती. नववर्षाला मूळ दुकानात जेवलो तेव्हा सार खारट लागलं होतं. उस्तादांची जीभ थकली होती. जावई, उस्तादांची बायको, जुने शिष्य, सगळ्यांनी वाडगे रिकामे करून ‘वा’ म्हटलं. आमच्यात मोठ्यांना तोंडावर असलं कोणी सांगत नाही, घरी येऊन घटाघटा पाणी पितात.

“एक दिवस सोया सॉस जास्त ओत,” मी तेइजिला म्हटलं. “पडदा गेला तर काय माझा एप्रन टांगणार दारावर?”

“त्यांनी शिकवलेली चव हीच आहे. त्यांच्याच नावाखाली खारट वाढू?”

असा हा माणूस. याच हट्टावर मी भाळले आणि याच हट्टापायी रोज कपाळ बडवून घेते.

उस्ताद आले. वाडगा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी घोट घेतला.

“अळणी आहे, तेइजि.”

तेइजिने मान खाली घातली. “चुकलं, उस्ताद.”

चुकलं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काही चुकलेलं नाही! सार तेच आहे, जीभ तुमची म्हातारी झालीय. नववर्षाला तुमच्याकडचं सार तोंडात धरवत नव्हतं, आणि सगळे शहाणे वा वा करत होते!”

तेइजिचा चेहरा पांढराफटक पडला. उस्तादांनी वाडगा खाली ठेवला.

“कोणीच बोललं नाही?”

“तुम्हाला कोण बोलणार?”

ते उठले, दाराशी गेले, पडदा काठीवरून काढला, घडी घालून काखेत मारला आणि निघून गेले. तेइजि उस्तादांचा वाडगा धुवायला घेऊन गेला. मला चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उघड्या दारात उभे होतो, तर उस्ताद गल्लीतून येताना दिसले. काखेत पडदा होता, पण आमचा नव्हे. मूळ दुकानाचा, विटलेला, गिऱ्हाइकांनी जाता जाता बोटं पुसून कडा काळ्या केलेला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने आमच्या काठीत ओवला.

“उस्ताद, हे काय?” तेइजिने विचारलं.

“कराराप्रमाणे. चव बदलली तर पडदा परत. बदलली माझी. आता मूळ दुकान हे. तुझा पडदा मी माझ्या दारावर लावलाय. तपासायला येत जा.”

तेइजि रडत होता. मीही रडत होते, पण तोंड फिरवून.

“येताना हिलाही आण,” उस्ताद म्हणाले. “तू काय, वाडगा रिकामा करून वा म्हणशील.”