गमछ्याच्या दोन गाठी

सोमवारी सकाळी आमच्या तांड्यात देवळापुढच्या लिंबाखाली रांग लागली. शंभराच्या आत माणसं नव्हती. दोन हजार एकवीसचा एप्रिल. यवतमाळात दवाखान्यांत खाट मिळत नव्हती, आणि इथे लोक अंगाला अंग लावून उभे, मास्क हनुवटीवर.

रांगेच्या तोंडाशी बसले होते नेमसिंग महाराज, उमरखेडकडून आलेले. खांद्यावर लांब गमछा, त्याच्या टोकांना गाठी. आम्हा बंजाऱ्यांत सणाला आणि लग्नकार्यात निखाऱ्यावर तूप-लापशीचा भोग लावतात. तो वास घरात फिरला की शुभ मानतात. महाराज सांगत होते की गमछ्यात भोगाचीच राख बांधली आहे. आपण डोळे मिटायचे, ते गाठ नाकाशी धरणार. तुपाचा वास आला तर कोरोना नाही, नाही आला तर आहे.

"डोयाले चष्मा लागते," महाराज म्हणाले. "कानाले मशीन लागते. नाकाले लागते काही? नाही. काहून? नाक डायरेक देवाचं हाय. सरकारची नाकात घालाची कांडी खोटी निंघते, नाक खोटं निंघत नाही."

लोक पटापट पास होत होते. पास झालेला माणूस मास्क काढून खिशात घालत होता. आमच्या तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, खेमसिंग, त्यांच्या नातीचं लग्न रविवारी होतं आणि दोन तांडे जेवायला यायचे होते. त्यामुळे सगळ्यांनाच पास व्हायचं होतं.

एकटी तानाबाई नापास झाली. रांगेत तिने विचारलं होतं, "तुमचंबी नाक देवाचंच ना महाराज? मंग येताना गाडीत मास्क काहून लावला होता?" आणि नेमका तिलाच वास आला नाही. लोक चार पावलं मागे सरले.

"तीन दिवस शेतातल्या झोपडीत ऱ्हा," महाराज म्हणाले. "गुरुवारी तुहं नाक मी परत आणतो."

मी ममता, या तांड्याची आशा सेविका. हे बघून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण नाकाची गोष्ट तांड्यात मीच आणली होती. महिनाभर मी दारोदार फॉर्म घेऊन विचारत होते, ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. वास गेलेले दोघे तपासणीत सापडलेही होते. पण कोणी "येते" म्हटलं की मी "मंग बरं हाय" म्हणून पुढच्या दाराला जायची. वास येत असूनही आजार असू शकतो, हे मी एकाही दारात बोलले नव्हते.

माझी चुलत काकू धनीबाई, आमची धनीकाकी, पास झाली. "घी," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. पण तिचे ओठ मला निळसर दिसले. संध्याकाळी घरी जाऊन तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की काळजीचं असतं.

"जीवन, काकीले उद्याच दवाखान्यात ने," मी तिच्या मुलाला म्हटलं.

"कायले? याडी पास झाली ना." आम्ही आईला याडी म्हणतो.

"ते नाकाचं झालं. हे रक्तातलं हाय."

"तूच विचारत होती ना, वास येते काय म्हणून? मंग आता काहून पलटून राह्यली?"

उत्तर माझ्याजवळ होतं, पण मी ते दिलं नाही. चिडले, निघून आले आणि गुरुवारपर्यंत त्या दाराला परत गेले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

बुधवारी तानाबाईला गोळ्या द्यायला शेतात गेले. ती झोपडीबाहेर भर उन्हात बसली होती.

"आत काहून नाही बसत?"

"आत मागच्या सालचे फवारणीचे डबे हायत. वासानं माहं डोकं फुटून राह्यलं."

मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, अठ्ठ्याण्णव. ताप नाही. बाईचं नाक ठणठणीत होतं.

"मंग सोमवारी घीचा वास काहून नाही आला तुले?"

"त्या गाठीत वासच नव्हता, ममता. पण सांगू कोणाले? माह्यावर कोण भरोसा ठेवते?"

गुरुवारी गर्दी दुप्पट झाली. महाराजांनी तानाबाईच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि गाठ तिच्या नाकाशी नेली. "आला," ती म्हणाली. तो खरंच आला होता. लोक हात जोडू लागले.

मी पुढे झाले. "महाराज, माहीबी परीक्षा घ्या."

मी डोळे मिटले, पण पुरते नाही. चार दिवस त्यांच्याविरुद्ध बोलत होते, तेव्हा ते मला नापास करणार हे ठरलेलंच होतं. मान खाजवल्यासारखं करून त्यांनी गमछा फिरवला आणि डावं टोक माझ्या नाकाशी आणलं. नुसती राख. मी ते टोक मुठीत धरलं, दुसऱ्या हाताने उजवं ओढलं आणि म्हटलं, "नायककाका, तुमी हुंगा. दोन्ही."

खेमसिंग नायकांनी डावी गाठ हुंगली, मग उजवी, मग परत डावी. स्वतःच गाठी सोडल्या. उजवीत तुपात भिजवलेला कापूस निघाला, डावीत चुलीतली कोरडी राख.

"पास करायचं त्याले ही, नाही करायचं त्याले ती," नायक म्हणाले.

देवानेच डावीतला गंध ओढून घेतला, असं महाराज सांगू लागले. या वेळी कोणी मान डोलावली नाही. दुपारच्या आत ते तांड्यातून गेले.

पण जीवन तिथेच उभा होता. "याडीले तर उजवी गाठ दिल्ती," तो म्हणाला. "तिले खरंच वास आला. मंग याडी तर खरीच पास ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. डाव्या गाठीतली लबाडी पकडणं सोपं होतं. उजवीत तूप खरं होतं, वास खरा होता, काकीचं नाकही खरं होतं.

"या आजारात कोणाचा वास जाते, कोणाचा जातच नाही," मी म्हटलं. "वास गेला तर तपासून घ्याव. वास आला म्हणजे सुटलो, असं नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगाले पायजे होतं. चूक माही हाय."

आम्ही घरी धावलो. काकी खाटेवर बसून होती, दोन शब्दांवर धाप लागत होती. ऑक्सिमीटरवर ऐंशी. नायकांनी लग्न पुढे ढकलल्याचं तिथेच सांगितलं आणि स्वतःची जीप काढली.

जीपमध्ये काकीने माझा हात धरला. "ममता, मले अजून येऊन राह्यला... घीचा वास," ती म्हणाली. मी तिला नापास केलं, असं तिला वाटत होतं.

पाचव्या दिवशी ती यवतमाळात वारली. तीन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या रांगेतले अकरा जण पुढे पॉझिटिव्ह निघाले, आणि त्यातल्या सात जणांना वास चांगला येत होता. जीवन माझ्याशी अजूनही फारसं बोलत नाही.

म्हणून सांगते. चमत्कार दाखवणाऱ्याकडे दुसरं टोक मागाच. पण माझ्यासारखी कोणी फॉर्म घेऊन दारात आली, तर तिलाही विचारा की या उत्तरातून काय कळतं आणि काय कळत नाही. मी आता प्रत्येक दारात दोन्ही सांगते. जीवनच्या दारातही.