बिडीचा दोरा आणि जपानी इंजिन

स्प्रिंग मिस्त्रींच्या बोटांतून निसटली, टण्णकन उडाली आणि थेट माझ्या बिडीच्या सुपात, तंबाखूत येऊन पडली.

"हालू नोको!" मिस्त्री ओरडले. "पान हालवशीन तं थे हरपून जाईन."

"मी कायले हालू? तुमचीच वस्तू उड्या मारून राह्यली," मी म्हटलं आणि दोन बोटांनी तंबाखू बाजूला सारून स्प्रिंग काढली. नखाच्या कोरीएवढी वाकडी पट्टी होती ती. मी फुंकर मारून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली. उजव्या हातावर ठेवण्यात अर्थ नव्हता. मागच्या होळीनंतर लकव्याचा झटका आला, पाय सुधारला, वाचा सुधारली, पण उजवा हात थरथरतो तो थरथरतोच.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान, धम्मपाल. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा अख्खा मोहल्ला त्यांना मिस्त्री म्हणायचा, मग मीही तेच म्हणू लागले. धानाच्या गिरण्यांची इंजिनं, शेतातले पंप, कोणाची जीप, काहीही आणा. इंजिन समोर ठेवलं की या माणसाला तहानभूक नाही. बायको समोर ठेवली तर मात्र लगेच भूक लागायची.

आता आमच्या छपरीत, गोणपाटावर जे इंजिन सुटं होऊन पडलं होतं ते टेंभरे साहेबांच्या लाल गाडीचं. साहेब मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत इंजिनिअर होते. त्याआधी आफ्रिकेत, झांबियाच्या खाणीत होते, आणि तिथून येताना ही जपानी गाडी घेऊन आले. बसकी, दोन दारांची. दिवे लावले की डोळे उघडल्यासारखे बॉनेटमधून वर येतात. पोरं तर तेवढं बघायलाच गोळा व्हायची. पण खरी गंमत पोटात. या इंजिनात पिस्टनच नाही. एका लोखंडी डब्यात लोखंडी समोसा गरगर फिरतो, शेजारच्या डब्यात दुसरा, झालं इंजिन. समोशाच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक पट्टी, पट्टीखाली स्प्रिंग. ती पट्टी डब्याला घट्ट घासत राहिली तर दम टिकतो, नाही तर सगळा दम इकडून तिकडे निघून जातो.

ही गाडी पहिल्यांदा बिघडली तेव्हा नागपूरच्या मोठ्या गॅरेजवाल्यांनीही हात जोडले होते. मिस्त्री म्हणाले, "खोलून तं पाहू." त्या दिवशी जेवायला बसले आणि माझी चांगली भाकरी तिकोनी कापून परातीत फिरवत बसले. मी म्हटलं, वेड लागलं वाटतं. सासूबाई तर दृष्ट काढायला निघाल्या होत्या. पण भाकरी फिरवता फिरवता त्यांना ते इंजिन कळलं. कुठे शिकले नाहीत, कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून त्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. मी तोंडावर कधी म्हटलं नाही, पण असा माणूस आपल्या वाट्याला आला याचा मला फार तोरा होता.

यंदा साहेबांच्या अंगणात धान वाळत घातलं. गाडी मध्ये येते म्हणून सुनेने चालू केली, दोन हात पुढे घेतली, बंद केली. संध्याकाळी पुन्हा चालू, मागे, बंद. रोज तेच. दुसऱ्या गाडीला काही झालं नसतं. हे इंजिन तापल्याशिवाय बंद केलं तर पेट्रोल आत साचतं आणि पट्ट्यांवरचं तेल धुऊन टाकतं. मग चालू होईना म्हणून चारचौघांनी ढकललं, बॅटरी संपेपर्यंत चावी फिरवली. मिस्त्रींनी जाऊन पुली हाताने फिरवली आणि कान लावला. एक फूक जोरात, पुढच्या दोन दमेकऱ्यासारख्या. "पट्टी मेली," म्हणाले.

त्यांचं गॅरेज आता प्रीतम चालवतो. चांगला गडी आहे, त्यांच्याच हाताखाली शिकला. तो साहेबांना म्हणाला, नागपूरला पाठवू. साहेब आमच्या छपरीत येऊन बसले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ.

"धम्मपाल, पार्ट तो भांजे ने ऑस्ट्रेलिया से भेज दिए. प्रीतम बोलता है नागपुर भेज दो. तू सांग, काय करायचं?"

"इथंच आणा साहेब. मी भरतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब गेल्यावर मी म्हटलं, "शर्टाची गुंडी लावता येऊन नाही राह्यली, अन् इंजिन भरता?"

"तू आपली बिडी पाह्य."

सुंभ जळाला तरी पीळ जाईल तर शपथ. पण मला कळत होतं. हे इंजिन त्यांच्याकडून चालू झालं तर ते अजून मिस्त्री. नाही झालं तर छपरीत बसलेला एक लकव्याचा म्हातारा, ज्याला येणारेजाणारे 'कसं आहे आता?' विचारतात. त्यांना ते माझ्याहून जास्त कळत होतं. म्हणून तर सकाळपासून स्प्रिंगा उडत होत्या आणि माणूस हटत नव्हता.

दुपारी मात्र ते थांबले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, पट्टी खाचेवर आणली, आणि तिथेच तिचं टोक थडथड वाजायला लागलं. त्यांनी पट्टी गोणपाटावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"जेवता का?"

"भूक नाही."

"चहा?"

"गीता, तू गप राह्य ना जराशी."

मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यातली ही मोठीच गोष्ट. मग सूप बाजूला सारलं, कातरी ठेवली, साबण लावून हात धुतले आणि गोणपाटावर जाऊन बसले.

"सांगा, कोणती पट्टी कुठं?"

"तुह्यानं नाही होत थे."

"काहून नाही होत? परकर नेसत होती तवापासून पान गुंडाळून राह्यली मी. डोळे झाकून बिडी वळते. तुमच्या समोश्याले काय वेगळे कोपरे हायेत?"

ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. एवढी वर्षं ही बोटं त्यांना भाकरी वाढत होती, पण त्यांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली असावीत. मग म्हणाले, "आधी व्हॅसलीन लाव. लय नाही, जरासं."

शिकवायला हा माणूस म्हणजे जमदग्नी! "उलटी! उलटी लावली!" "अवो, सांगाल तं सरळ लावीन ना!" "जोर नोको देऊ, थे का पीठ होय काय?" प्रीतमने यांच्या हाताखाली कसे दिवस काढले असतील ते त्या दिवशी कळलं. पण बाई, काय नजर त्यांची! केसाएवढी पट्टी वर राहिली तरी त्यांना लांबून दिसायची. "नख फिरव. अटकते?" "हौ, अटकते." "मंग काढ, साफ कर, पुन्हा बसव." बाजूच्या बारीक कमानदार पट्ट्या, कोपऱ्यातल्या गोल लोखंडी गुंड्या, त्यांच्याखालच्या स्प्रिंगा. संध्याकाळपर्यंत माझी मान मोडून आली आणि त्या दिवसाची बिडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी घोडं अडलं. भरलेला समोसा उलटा करून डब्यात सोडायचा होता. प्रीतम उचलायला आला होता. त्याने उलटा केला की कुठून तरी एखादी गुंडी निसटायची, नाही तर कोपऱ्यातली पट्टी बाहेर यायची. व्हॅसलीन लावून पाहिलं, ग्रीस लावून पाहिलं. शेवटी प्रीतम हळूच म्हणाला, "गुरुजी, नागपूरले विचारू का?"

मिस्त्रींनी पुन्हा भिंतीकडे तोंड वळवलं.

मी सुपातून दोरा घेतला. बिडीच्या तोंडाला बांधतो तो, बारीक गुलाबी. तिन्ही कोपऱ्यांवरून फिरवला, ताणला आणि अशी गाठ मारली की एका ओढीत सुटेल. "आता टाक," मी प्रीतमला म्हटलं. त्याने समोसा उलटा केला. काही पडलं नाही. कोपरे डब्यात शिरले तशी मी गाठ ओढली आणि दोरा अलगद बाहेर आला. पट्ट्या जागच्या जागी.

"हे कोणं शिकवलं तुले?" मिस्त्रींनी विचारलं.

"बिडीच्या ठेकेदारानं. सैल बांधली का तो छाट म्हणून फेकून देते."

ते हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा, तोंड भरून.

दुसरा समोसाही तसाच बसला, आणि मग प्रीतमने साहेबांच्या अंगणात इंजिन गाडीत चढवलं. मिस्त्रींच्या सांगण्यावरून प्लगच्या भोकांतून तेल मीच सोडलं. साहेब आतून आले, खाली वाकून सीटवर बसले आणि चावी फिरवली. गाडी घुरघुरली, खोकली. मी बुद्धवंदना म्हणायला लागले मनातल्या मनात. आणि मग एकदम पेटली! पांढरा धूर असा उठला की धानावरच्या चिमण्या उडाल्या आणि साहेबांची सून पदर नाकाला लावून घरात पळाली. धूर विरला तसा आवाज एकसारखा झाला. धडधड नाही, खडखड नाही, आग्या मोहळासारखी घुमणारी गुणगुण. मिस्त्री बॉनेटवर डावा हात ठेवून डोळे मिटून उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराने आलं नव्हतं.

साहेब खाली उतरले. त्यांनी मिस्त्रींचा तो थरथरणारा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "धम्मपाल! लोग कहते थे तेरा हाथ गया. अरे, कौन बोलता है! असा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही."

मी प्रीतमकडे डोळे वटारले. त्याने मान खाली घातली. आम्ही दोघं काही बोलणार नव्हतो. मला तेच हवं होतं. उद्या चौकात साहेब सांगतील, मोहल्ल्यात बातमी फिरेल, पंपवाले पुन्हा दारात येतील. माणूस पुन्हा मिस्त्री होईल. त्यापुढे माझं कौतुक काय चाटायचं आहे?

"हात माहा नाही साहेब," मिस्त्री म्हणाले. "माहा हात गेला तो गेलाच. पट्ट्या सगळ्या हिनं बसवल्या. मी फक्त सांगत होतो."

इतक्या दिवसांत, डॉक्टरसमोरसुद्धा, ते असं बोलले नव्हते. 'येईन, हात येईन थोड्या दिवसानं' एवढंच म्हणायचे. कशाला बोललात हो, असं ओरडावंसं वाटलं.

साहेबांनी मिस्त्रींचा हात सोडला नाही. माझ्याकडे वळून मान झुकवली आणि म्हणाले, "बाई, तुमचे उपकार."

"काही उपकार नाहीत. पण सूनबाईले सांगा, धान सरकवा, गाडी नोका सरकवू," मी म्हटलं. बोलले नसते तर रडले असते.

"आता बंद नोका करू साहेब," मिस्त्री म्हणाले. "लामता गावापावतर न्या. आरामानं. गरम होऊ द्या."

लाल गाडी फाटकातून बाहेर पडली. मिस्त्री पायरीवर बसून आवाज ऐकत राहिले, रेल्वे फाटकापलीकडे तो बुडेपर्यंत. मी शेजारी बसले.

त्यांनी प्रीतमकडून चिंधी मागून घेतली, रॉकेलमध्ये बुडवली आणि माझा हात ओढून मांडीवर घेतला. "मिस्त्रीनं तेलाचे हात असे ठेवा नाही लागत. नखात बसते मंग."

"द्या इकडं, मीच पुसते! उद्या बिडीले रॉकेलचा वास येईन माह्या."

"येऊ दे."

अंगठ्यापासून सुरुवात करून ते एकेक बोट पुसू लागले. उजव्याच हाताने. चिंधी सारखी घसरत होती, एका बोटालाच कितीतरी वेळ लागत होता. रस्त्याने जाणारे बघत होते. मी हात काढून घेतला नाही.